“देवा, त्याला सुबुद्धी दे” म्हणण्याआधी

आमच्या आईची रात्रीची प्रार्थना लांबलचक असायची. आधी घरचे, मग नातलग, मग चर्चच्या मंडळीतले आजारी, मग शाळा-कॉलेजची पोरं. आम्ही भावंडं पेंगायला लागलो की शेवटी एक नाव यायचं. आमच्या चुलतभावाचं. आमचा बांध कोरणारा तोच. बैलांचा नांगर होता तेव्हा दरसाल एखादं तास आमच्या बाजूने जास्त घ्यायचा. ट्रॅक्टर आल्यावर एका फेरीत हातभर बांध गायब व्हायला लागला. आणि आई त्याच्यासाठी काय मागायची? “बापा, त्याच्या विहिरीचं पाणी उन्हाळाभर टिकू दे.”

मी तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा. त्याची विहीर आमच्या विहिरीपासून दोनशे फुटांवर. त्याला लागलेलं पाणी आमच्याच झऱ्याचं, असा माझा सरळ हिशोब. एकदा न राहवून मी मध्येच बोललो, “आई, निदान ‘त्याला सुबुद्धी दे’ असं तरी म्हण.” डोळे न उघडता ती म्हणाली, “ते मागणं त्याच्यासाठी कुठंय? ते आपल्या बांधासाठी आहे.” आणि पुढे चालू झाली.

शत्रूसाठी प्रार्थना करा, ही ख्रिस्ती धर्मातली आज्ञा बहुतेकांनी ऐकलेली असते. ऐकणारा एक तर ‘किती थोर’ म्हणून मान डोलावतो, नाही तर ‘हे आपल्याच्याने होणार नाही’ म्हणून सोडून देतो. पण ही प्रार्थना नेमकी असते कशी, तिच्यात काय मागायचं, आणि ती चुकते कुठे, याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. चुकते मात्र बऱ्याचदा. माझ्या मते ती चुकण्याची सगळ्यात प्रचलित मराठी रीत म्हणजे ‘सुबुद्धी दे’.

मूळ आज्ञा मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात आहे, ज्याला डोंगरावरील प्रवचन म्हणतात त्यात. येशू म्हणतो, “तुम्ही आपल्या वैऱ्यांवर प्रीती करा आणि जे तुमचा छळ करतात त्यांच्यासाठी प्रार्थना करा.” ऐकणारे होते गालीलातले शेतकरी, कोळी, मजूर. त्यांना ‘वैरी’ हा शब्द समजावून सांगायची गरज नव्हती. इसवी सन पूर्व ६३ मध्ये पाँपेने यरुशलेम घेतल्यापासून तो सगळा मुलूख या ना त्या प्रकारे रोमच्या टाचेखाली होता. रोमी शिपाई रस्त्यावरच्या कुणालाही थांबवून त्याच्या डोक्यावर आपलं ओझं देऊ शकायचा. त्याच अध्यायात ‘एक कोस वेठीस धरलं तर दोन कोस जा’ असं जे वाक्य आहे ते याच वेठबिगारीबद्दल. म्हणजे हा विषय ध्यानमंदिरातला नव्हता. ज्या माणसाच्या मानेला कालच्या ओझ्याचा वळ आहे त्याला सांगितलं जात होतं की ओझं देणाऱ्यासाठी प्रार्थना कर.

कारण काय दिलं, तर पावसाचं. देव वाइटांवर आणि चांगल्यांवर आपला सूर्य उगवतो, नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर पाऊस पाडतो. तुम्ही त्याची लेकरं, तर तसेच वागा. आमच्यासारख्या अवर्षणी भागातल्या माणसाला हे कारण आधी मुळीच पटत नाही, आणि मग इतकं पटतं की सुटता सुटत नाही. पाऊस बांध बघून पडत नाही. बांध कोरणाऱ्याच्या ज्वारीवर पडतो, आणि ज्याचा कोरला त्याच्याही. आई विहिरीसाठी प्रार्थना का करायची, ते मला इथे कळलं. देव जे त्याला देतोच आहे, तेच ती मागत होती. देवाच्या बाजूने बोलत होती म्हणा ना.

याच ठिकाणी येशू म्हणतो, “‘शेजाऱ्यावर प्रीती कर व वैऱ्याचा द्वेष कर’ असे सांगितले होते हे तुम्ही ऐकले आहे.” यातला पहिला अर्धा भाग जुन्या करारात, लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. दुसरा, द्वेषाचा, तिथे कुठेच नाही. १९४७ पासून मृत समुद्राच्या काठच्या गुहांमधून जी हस्तलिखितं मिळाली, त्यांतल्या एका पंथाच्या नियमावलीत मात्र प्रकाशाच्या पुत्रांवर प्रीती आणि अंधाराच्या पुत्रांचा द्वेष, अशी सरळ शिकवण आहे. तेव्हा असं बोललं जात होतं खरं. उलट यहुद्यांच्या जुन्या नियमशास्त्रात, निर्गमच्या तेविसाव्या अध्यायात, लिहिलंय की शत्रूचा बैल किंवा गाढव भरकटलेलं दिसलं तर ते त्याच्याकडे पोचतं कर, आणि तुझा द्वेष करणाऱ्याचं गाढव ओझ्याखाली बसलेलं दिसलं तर त्याला उठवायला हात लाव. मला हा नियम फार आवडतो. त्यात मनाबद्दल एक अक्षर नाही. तुला तो माणूस आवडतो की नाही, कुणी विचारत नाही. गाढव उठव.

‘प्रीती’ या शब्दाचा घोळही इथेच मिटतो. मूळ ग्रीकमध्ये ‘आगापे’ कुळातलं क्रियापद आहे, आणि प्रवचनांमधून त्यावर भरपूर बोललं जातं. एवढं ध्यानात ठेवलं तरी चालेल की इथे उमाळा अपेक्षित नाही. समोरच्याचं भलं इच्छिणं आणि जमेल तेवढं करणं, इतकंच. उमाळा हुकमाने येत नसतो. विहिरीला पाणी टिको, हे मात्र दात-ओठ खाऊनही मागता येतं.

आता नम्रतेकडे. खरी मेख इथे आहे.

लूककृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात एक छोटा दृष्टान्त आहे. दोघे जण मंदिरात प्रार्थना करायला जातात. एक परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या पंथाचा. दुसरा जकातदार, म्हणजे रोमी सत्तेसाठी वसुली करून मधल्यामध्ये हात मारणारा, लोकांच्या लेखी फितूर. परूशी म्हणतो, देवा, मी इतर लोकांसारखा लुबाडणारा, अधर्मी, व्यभिचारी नाही, किंवा या जकातदारासारखाही नाही, म्हणून तुझे आभार. आठवड्यातून दोनदा उपास करतो, मिळकतीचा दहावा हिस्सा देतो. जकातदार लांब उभा राहून ऊर बडवतो आणि एवढंच म्हणतो, “हे देवा, मज पाप्यावर दया कर.” येशू सांगतो की नीतिमान ठरून घरी गेला तो दुसरा.

हा दृष्टान्त अनेकदा वाचूनही एक गोष्ट माझ्या नजरेतून निसटली होती. परूशाच्या प्रार्थनेत जकातदाराचा उल्लेख आहे! आपल्या शत्रूला त्याने देवासमोर आणलं आहे. आणि तो खोटंही बोलत नाही. जकातदार लुबाडतच होता. म्हणजे शत्रूचं नाव प्रार्थनेत आलं, त्याच्याबद्दल खरं तेच सांगितलं, तरी ती शत्रूसाठी केलेली प्रार्थना होत नाही. ती देवाकडे केलेली चहाडी होऊ शकते. ‘सुबुद्धी दे’ मध्ये नेमकं हेच होतं. मला बुद्धी आहे, त्याला नाही. देवा, तू आणि मी मिळून त्याचं काय करायचं ते बघू. आपण देवाच्या टेबलाच्या कधी त्या बाजूला जाऊन बसलो ते कळतही नाही.

म्हणून ख्रिस्ती परंपरेत या प्रार्थनेला नम्रता जोडलेली आहे. इथे नम्रता म्हणजे हळू आवाज, झुकलेली मान, ‘मी किती क्षुद्र’ हे नव्हे. ती एक हिशोबाची गोष्ट आहे: मीसुद्धा देणेकरी आहे, हे वहीत लिहिलेलं असणं.

‘देणेकरी’ हा शब्द मी उगाच वापरत नाही. येशूने शिकवलेली प्रार्थना, जी आमच्याकडे दर उपासनेत म्हटली जाते, तिचं जुनं मराठी रूप असं आहे: “जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड.” काही भाषांतरांमध्ये ‘अपराध’ आहे. मला ‘ऋण’ जास्त टोचतं, कारण ते मोजता येतं. मत्तयच्या अठराव्या अध्यायात येशूने त्याचा आकडाच दिला आहे. एका चाकरावर राजाचं दहा हजार तालांतांचं कर्ज असतं. राजा ते माफ करतो. बाहेर पडताच त्या चाकराला शंभर दिनारांचं देणं असलेला एक सोबती भेटतो, आणि हा त्याचा गळा धरतो. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, आणि तालांत म्हणजे साधारण सहा हजार दिनार. करा गुणाकार: दहा हजार तालांत म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. कुठल्याही चाकराला सात जन्मांत न फिटणारा आकडा. येशूने मुद्दामच असा निवडला असणार.

पण दुसरी बाजूही बघा. शंभर दिनार म्हणजे शंभर दिवसांची मजुरी. ती काही फुटकळ रक्कम नाही. मजूर माणसाचे तीन महिने. शत्रूने तुमचं काहीच बिघडवलं नाही, तुम्हीच मनाला लावून घेता, असं हा दृष्टान्त म्हणत नाही. बिघडवलं आहे, शंभर दिवसांचं बिघडवलं आहे. फक्त त्याच्याकडे बोट दाखवताना आपल्या स्वतःच्या खात्यात काय माफ झालंय ते विसरू नका, एवढंच. पुष्कळ उपदेशक घाईघाईने पहिला आकडा सांगतात आणि दुसऱ्यावरून पुढे सरकतात. त्यामुळे दुखावलेल्या माणसाला वाटतं, चर्चमध्ये आपल्या दुखण्याला किंमतच नाही.

नम्रता सुटली की ही प्रार्थना किती विद्रूप होते, याचं उदाहरण खुद्द चर्चच्या इतिहासात आहे. गुड फ्रायडेच्या रोमन कॅथलिक उपासनेत फार जुन्या काळापासून सर्वांसाठी विनंत्या केल्या जातात: चर्चसाठी, राज्यकर्त्यांसाठी, आजाऱ्यांसाठी, श्रद्धा न ठेवणाऱ्यांसाठी. त्यात यहुद्यांसाठीही एक प्रार्थना होती. तिच्यात यहुद्यांना लावलेलं लॅटिन विशेषण होतं ‘पेर्फिदिस’. त्याचा ‘श्रद्धा न ठेवणारे’ असा सौम्य अर्थ काढता येतो, पण सर्वसामान्यांच्या कानाला ते ‘विश्वासघातकी’ असंच लागायचं. मागणं काय, तर त्यांच्या हृदयावरचा पडदा दूर होवो. थोडक्यात, त्यांना सुबुद्धी होवो.

आणि इथली बारीक गोष्ट बघण्यासारखी आहे. प्रत्येक विनंतीच्या वेळी ‘गुडघे टेकू या’ असं म्हटलं जायचं, सगळे गुडघे टेकायचे, क्षणभर शांतता, मग ‘उठा’. यहुद्यांसाठीच्या प्रार्थनेच्या वेळी मात्र मध्ययुगापासून गुडघे टेकले जात नसत. कारण असं सांगत की येशूची टवाळी करताना यहुद्यांनी त्याच्यापुढे खोटे गुडघे टेकले होते. शुभवर्तमान उघडून पाहिलं तर टवाळीचे ते गुडघे रोमी शिपायांचे आहेत! पण शतकानुशतकं लोक उभ्याउभ्या ही प्रार्थना म्हणत राहिले. मराठी ख्रिस्ती बोलीत प्रार्थना करण्याला ‘गुडघ्यावर जाणं’ म्हणतात. ही गुडघे न वाकलेली प्रार्थना होती. शिवाय ज्यांना शत्रू ठरवलं ते तर बहुतेक वेळा छळ सोसणारे अल्पसंख्य होते. युरोपातल्या अनेक गावांत पवित्र सप्ताहाचे दिवस यहुद्यांना दारं लावून काढावे लागत.

बदल व्हायला विसावं शतक उजाडावं लागलं. १९५५ मध्ये पोप बारावे पायस यांनी त्या प्रार्थनेला गुडघे परत आणले. १९५९ मध्ये पोप तेविसावे जॉन यांनी ते विशेषण काढून टाकलं. १९७० च्या उपासनाग्रंथात प्रार्थनाच नव्याने लिहिली गेली: देवाने ज्यांच्याशी आधी बोलणं केलं ते यहुदी लोक त्याच्या नावाच्या प्रीतीत आणि त्याच्या कराराशी निष्ठेत वाढत राहोत, अशा अर्थाची. जुन्या प्रार्थनेत त्यांच्यात काय कमी आहे ते होतं. नव्या प्रार्थनेत त्यांच्याकडे काय आहे ते. मधल्या काळात साठ लाख यहुद्यांची कत्तल झाली होती, हे विसरून हा बदल समजणार नाही.

बायबलमध्ये या दुखण्यावर एक विनोदी पुस्तकही आहे. योना संदेष्ट्याचं. लोकांना मासा तेवढा आठवतो, पण गोष्ट माशाची नाही. देव योनाला निनवेला जायला सांगतो. निनवे म्हणजे अश्शूरांचं नगर, इस्राएलाचा जीवघेणा शत्रू. योना उलट्या दिशेचं जहाज पकडतो. शेवटी नाइलाजाने जातो, नाशाचा इशारा देतो, आणि आक्रीत घडतं: निनवेकर ऐकतात, राजापासून सगळे पश्चात्ताप करतात, देव त्यांना सोडून देतो. शत्रूला अगदी सुबुद्धी झाली! आता योना खूश व्हायला हवा. तर तो संतापून मरण मागतो. म्हणतो, मला माहीतच होतं तू दयाळू आहेस, म्हणून तर मी पळालो होतो. मग नगराबाहेर मांडव घालून रुसून बसतो. सावली देणारं रोप वाळलं म्हणून परत संतापतो. आणि देवाच्या एका प्रश्नावर पुस्तक संपतं: तुला एका रोपाची कीव येते, तर ज्या नगरात एक लाख वीस हजारांहून जास्त अजाण माणसं आणि शिवाय पुष्कळ गुरंढोरं आहेत, त्याची मला येऊ नये? योनाने काय उत्तर दिलं ते लिहिलेलंच नाही.

‘सुबुद्धी दे’ म्हणणाऱ्या प्रत्येकाने एकदा स्वतःला विचारून पाहावं: त्याला खरंच सुबुद्धी झाली, तो सुधारला, लोक त्याला मान द्यायला लागले, त्याचं चांगलं चाललं, तर मला आवडेल का? मला बरीच वर्षं आवडलं नसतं. एका साली अवकाळी गारपिटीत त्याचा काढणीला आलेला कांदा गेला. आमचा बराचसा वाचला. मी बांधावर उभा राहून त्याच्या वाफ्यातली झोपलेली पात बघत होतो आणि माझ्या पोटात काहीतरी गोड झालं. ते गोड अजून आठवतं. त्या रात्री आईने त्याचं नाव घेतलं तेव्हा मी ‘आमेन’ म्हणालो नाही.

मग राग आलाच नाही पाहिजे का? असं बायबल तरी म्हणत नाही. स्तोत्रसंहितेत भयंकर शाप आहेत. १०९ व्या स्तोत्रात कवी शत्रूबद्दल म्हणतो की त्याची मुलं अनाथ होवोत, बायको विधवा होवो. १३७ वं स्तोत्र बाबेलला कैदी म्हणून नेलेल्या यहुद्यांच्या, नद्यांकाठच्या रडण्याने सुरू होतं आणि शेवटी जिथे पोचतं ते मुलांसमोर वाचवत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर कॅथलिक चर्चने आपल्या रोजच्या प्रहर-प्रार्थनेतून ५८, ८३ आणि १०९ ही तीन स्तोत्रं वगळली. त्यामागची अडचण समजते. तरी मला वाटतं, ती राहायला हवी होती. ज्याचं घर जाळलं गेलंय त्याला पहिल्याच दिवशी गोड शब्द सुचणार नाहीत, आणि जे सुचतील ते खोटे असतील. हे स्तोत्रकर्ते निदान कुऱ्हाड घेऊन निघाले नाहीत. जे बोलायचं ते देवापाशी बोलले. आणि त्याच बाबेलातल्या बंदिवानांना यिर्मया संदेष्ट्याने पत्र पाठवलं होतं (ते त्याच्या पुस्तकाच्या एकोणतिसाव्या अध्यायात आहे): ज्या नगरात तुम्हांला नेलंय त्याचं हित पाहा, त्याच्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या हितात तुमचं हित आहे. शाप आणि हे पत्र, दोन्ही एकाच ग्रंथात, एकाच दुःखातून आलेली.

वधस्तंभावरून येशू म्हणाला, “हे बापा, त्यांना क्षमा कर, कारण ते काय करतात हे त्यांना समजत नाही.” लूकच्या काही फार जुन्या हस्तलिखितांत हे वाक्य नाही, त्यामुळे अभ्यासकांत त्यावर चर्चा आहे, पण चर्चने ते कधी सोडलं नाही. ते ज्या प्रकारे म्हटलंय ते बघा. त्यात ‘मी किती मोठ्या मनाचा’ याचा लवलेश नाही. मारणाऱ्यांची बाजू तो बापापुढे मांडतो, त्यांच्या वतीने सबब देतो. वकिली करतो म्हणा. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात सुरुवातीच्या मंडळीतल्या स्तेफनाला दगडमार होतो तेव्हा तोही गुडघे टेकून ओरडतो, हे पाप त्यांच्याकडे मोजू नकोस. दगड मारणाऱ्यांचे कपडे राखत तिथे शौल नावाचा एक तरुण उभा होता. तोच पुढे ख्रिस्ती प्रचारक पौल झाला.

इथे एक धोक्याची पाटी लावायलाच हवी. ही शिकवण दुबळ्यांची तोंडं बंद करायला वापरली गेली आहे, अजूनही जाते. नवरा मारतो? प्रार्थना कर. मोठ्या माणसाने मुलाशी वाईट वर्तन केलं? क्षमा कर, बाहेर बोलू नको. याला शुभवर्तमानात आधार नाही. महायाजकापुढे शिपायाने थोबाडीत मारली तेव्हा येशू गप्प राहिला नाही. मी चुकीचं बोललो असेन तर दाखवून दे, बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस, असं त्याने विचारलं. आपल्यावर अन्याय होतोय हे दिसताच पौलाने रोमी नागरिकत्वाचा हक्क बजावून कैसराकडे, म्हणजे रोमी बादशहाकडे, दाद मागितली. प्रार्थना आणि पोलीस ठाणं यांत वैर नाही. मारणाऱ्यासाठी प्रार्थना करायचीच असेल तर ती आधी सुरक्षित जागी पोचून, दाराला कडी लावून करावी.

ओडिशातलं प्रकरण अनेकांना आठवत असेल. जानेवारी १९९९ मध्ये केओंझार जिल्ह्यातल्या मनोहरपूर गावी ग्रॅहम स्टेन्स हे ऑस्ट्रेलियन मिशनरी आणि त्यांची दहा आणि सहा वर्षांची दोन मुलं गाडीत झोपलेली असताना जमावाने गाडी पेटवली. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीरपणे सांगितलं, आणि त्या बारीपद्याच्या कुष्ठरोग्यांच्या कामात पुढे काही वर्षं राहिल्या. खटला मात्र त्याच्या वाटेने चालला. मुख्य आरोपीला खालच्या कोर्टाने फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणली, आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच कायम केलं. क्षमा हा त्यांचा आणि देवाचा मामला. शिक्षा हा सरकारचा. एकाने दुसऱ्याला थांबवलं नाही.

दुसरी हकिगत मध्य प्रदेशातली, आणि ती मला जास्त जवळची वाटते, कारण तिच्यात एक दोरा आहे. सिस्टर राणी मारिया या केरळच्या जोगीण (नन) इंदूरकडच्या आदिवासी भागात सावकारी पाशातून गरिबांना सोडवण्याचं काम करत. २५ फेब्रुवारी १९९५ ला चालत्या प्रवासात, बसमधल्या लोकांदेखत, समंदर सिंह नावाच्या तरुणाने त्यांना भोसकून मारलं. त्याला जन्मठेप झाली. २००२ मध्ये राणी मारियांची सख्खी धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल, त्याही जोगीण, तुरुंगात जाऊन त्याला भेटल्या आणि त्याच्या मनगटाला राखी बांधली. पुढे त्याच्या सुटकेलाही या कुटुंबाने पाठिंबा दिला, आणि तो २००६ मध्ये सुटला. नोव्हेंबर २०१७ मध्ये इंदूरला राणी मारियांना धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवर, घोषित करण्यात आलं.

राखीचा अर्थ मराठी वाचकाला सांगायला नको. पण ती कुणी कुणाला बांधली ते बघा. राखी बांधणारी बहीण ओवाळणी मागते, रक्षण मागते. सेल्मी पॉल ‘मी तुला माफ केलं’ असं वरून खाली देणाऱ्या म्हणून तुरुंगात गेल्या असत्या, तर फूल देऊन किंवा हात जोडून परत येता आलं असतं. त्यांनी मागणारीची जागा घेतली. बहिणीच्या मारेकऱ्यापुढे.

पौलाच्या रोमकरांस पत्रातलं एक वाक्य या सगळ्यात आडवं येतं, ते सांगून टाकतो. शत्रू भुकेला असेल तर खायला घाल, म्हणजे तू त्याच्या मस्तकावर निखाऱ्यांची रास करशील. हे मूळ जुन्या करारातल्या नीतिसूत्रांतलं. पुष्कळांना त्यात ‘चांगुलपणाने जाळा’ असा गोड सूड दिसतो आणि तो आवडतोही! अभ्यासकांमध्ये निखाऱ्यांच्या अर्थावर एकमत नाही. शरमेची जळजळ, पश्चात्ताप, असे अर्थ लावतात. पण पुढचंच वाक्य आहे की बऱ्याने वाइटाला जिंक, तेव्हा भाजून काढणं हा हेतू नसावा.

राहिला प्रश्न, करायचं काय. माझ्यापुरतं मी आईकडून एवढंच उचललं: त्याच्या गरजेची एक वस्तू नाव घेऊन मागायची. माझ्या सोयीची नाही, त्याच्या गरजेची. पाणी, पोरीचं लग्न, गुडघ्याचं ऑपरेशन. आणि ती मागण्याआधी आपल्या वहीतलं एखादं ऋण कबूल करायचं. शब्द कमी. जास्त शब्द झाले की परूशी डोकावतो.

आईने बांध काही सोडून दिला नव्हता, हेही सांगायला हवं. मी नोकरीला लागलो त्या साली तिनेच मला हद्द कायम मोजणीचा अर्ज करायला लावला, फी स्वतःच्या दुधाच्या पैशातून दिली. लगतच्या कब्जेदारांना नोटिसा गेल्या. भूकरमापक आला, दिवसभर उन्हात मोजणी झाली, चुन्याच्या रेषा पडल्या. चुलतभाऊ लिंबाखाली बसून बघत होता. दुपारी आईने त्याला भाकरी पाठवली, ती त्याने घेतली, बोलला नाही. मोजणीच्या नकाशाची ‘क’ प्रत हातात आली तेव्हा कळलं की पश्चिमेकडून त्याने आमचा सव्वा गुंठा खाल्ला होता. आणि उत्तरेच्या टोकाला, जुन्या बाभळीपाशी, आमच्याच आजोबांच्या काळापासून आम्ही त्यांचा पाऊण गुंठा वाहत होतो. ती बाभळ आमची, असं मी लहानपणापासून शपथेवर सांगितलं असतं.

आईने त्याच आठवड्यात बाभळीपलीकडचा दगड हलवायला लावला, त्याने त्याची बाजू सोडायची वाट न पाहता. त्याने त्याची सोडायला आणखी दोन पावसाळे लावले.

आता ती नाही. तो रविवारी उपासनेला माझ्या दोन बाकं पुढे बसतो. गुडघ्यांमुळे त्याला टेकता येत नाही, नुसता पुढे वाकतो. ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस’ आलं की त्याचा आवाज माझ्यापेक्षा मोठा लागतो, आणि माझ्या तोंडात अजूनही आधी ‘सुबुद्धी’च येते.